फुकट वाटलेले एकतीस थांबे

ऑगस्ट २००७ मध्ये आमच्या घरात आप्पांच्या पुस्तकाच्या ४३८ प्रती होत्या. छापल्या होत्या पाचशे. उरलेल्या बासष्ट आप्पांनी स्वतःच्या हाताने खपवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांना. जानेवारीत आप्पा गेले. गठ्ठे त्यांच्या खाटेखाली आणि खाटेवर तसेच राहिले.

वाळवी मला भिंतीवरच्या मातीच्या रेघेमुळे कळली. रेघ खाटेच्या पायापासून निघून सर्वांत खालच्या गठ्ठ्यात शिरली होती. गठ्ठा सोडला. अकरा प्रती गेल्या होत्या. वाळवीने मागच्या पानापासून सुरुवात केली होती, त्यामुळे शेवटचा थांबा, म्हणजे पूर्णगड, आधी संपला होता. एका प्रतीत ती चोविसाव्या थांब्यापर्यंत पोचली होती. मी ४३८ मधून ११ वजा केले आणि आईला हाक मारली.

आईने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "दिवाळीला गंगाराम येईल रद्दीवाला. त्याला दे सगळी."

"आई, पुस्तकं आहेत ती."

"मग? उद्या वासे खाल्लेन वाळवीने, तर पुस्तकाखाली झोपू काय गो?"

दिवाळीला अकरा आठवडे होते. मी तेवढी मुदत मागून घेतली. तोवर पुस्तकांना वाचक मिळाले तर ठीक, नाहीतर गंगाराम.

पुस्तकाचं नाव 'एकतीस थांबे'. आप्पा एसटीत कंडक्टर होते. रत्नागिरी ते पूर्णगड या एकाच रस्त्यावर त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर डेपोची मंजूर थांब्यांची यादी समोर ठेवून त्यांनी प्रत्येक थांब्यावर एक प्रकरण लिहिलं. तिथे कोण चढायचं, कोणत्या महिन्यात कसली ओझी असायची, कुठल्या थांब्यावर सुटे पैसे कधीच नसायचे, कुठे म्हाताऱ्यांना हात द्यायला उतरावं लागायचं. पुस्तक चांगलं आहे असं मला वाटतं. पण ते माझ्या वडिलांचं असल्यामुळे माझं मत धरता येत नाही.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले. कोळंबीत जंतू किती ते मोजायचं. सकाळी सातला पाळी सुरू, तीनला सुटका. आप्पा गेले त्या दिवशी मी रडले नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. तसं काही नव्हतं. दात काढताना हिरडीला सुई देतात, तिथे बोट लावलं तर आपलंच वाटत नाही, तसं होतं. ते किती दिवस टिकेल याची मला उत्सुकता होती. आठवा महिना चालू होता.

फुकट वाटायची कल्पना माझी नव्हती. मारुती मंदिराजवळ फुजैलभाईंचं सायबर कॅफे होतं. तिथे एका अमेरिकन माणसाचा लेख वाचला. त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापलं होतं आणि ते कोणी घेत नव्हतं. मग त्याने अख्खं पुस्तक इंटरनेटवर फुकट ठेवलं. हजारोंनी उतरवून घेतलं, आणि त्यातल्या काहींनी नंतर छापील प्रत विकत घेतली. त्याचं म्हणणं असं, की अनोळखी लेखकाचं खरं नुकसान फुकट्या वाचकांमुळे होत नाही, कोणालाच ठाऊक नसण्यामुळे होतं. मला हे पटलं. निदान तपासून पाहता येण्यासारखं होतं.

फुजैलभाईंना सांगितलं तर ते हसले. "समीक्षाबाय, फुकट म्हटलं तर माणूस कोयती पण पाठीला बांधून नेईल. वाचेल कशाला?"

"हजारातल्या वीस जणांनी वाचलं तरी चालेल."

"आणि त्यातल्या किती जणांनी घेतलं म्हणजे तू खूश?"

"चारशे सत्तावीस."

"बाबा रे!" ते म्हणाले, पण खुर्ची सरकवून बसले आणि त्यांनी स्वतःच एक पान तयार करून दिलं. वर आप्पांचा बिल्ला लावलेला फोटो, खाली 'पुस्तक मोफत उतरवून घ्या' असं बटण, त्याखाली किती जणांनी ते दाबलं याचा आकडा, आणि शेवटी छापील प्रत पोस्टाने मागवायची असेल तर आमचा पत्ता. ऑर्कुटवर रत्नागिरीकरांच्या गटात आम्ही त्याची माहिती टाकली. फुजैलभाईंचा मामेभाऊ झुबेर कुवेतला होता. त्याने तिकडच्या कोकणी मंडळींना मेल पुढे पाठवला.

आईला हे कळलं तेव्हा ती भाताला पाणी ठेवत होती. "फुकट?" तिने एकदाच विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने झाकण आदळलं. तिचा राग मला कळत होता, पण तो फुकटचा आहे की दुसऱ्या कशाचा, ते कळत नव्हतं.

पहिल्या पंधरवड्यात आकडा त्रेचाळीस झाला. मग झुबेरचा मेल आला, रोमन अक्षरांतल्या मराठीत. "ताई, पुस्तक भारी दिसतंय. पण भाषा कोणती आहे?"

चूक माझी होती. छापखान्याने दिलेल्या सीडीतला मजकूर त्यांच्याकडच्या फाँटमध्ये होता. तो फाँट माझ्या समोरच्या संगणकावर होता, म्हणून मला मराठी दिसत होतं. कुवेतमध्ये तो नव्हता. तिथे आप्पांच्या जागी आकडे, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसत होती. त्रेचाळीस जणांनी ते उतरवून घेतलं आणि एकानेच विचारलं. बाकी बेचाळीस जणांनी उघडलंच नाही, की उघडून आमचंच काहीतरी चुकतंय असं समजून बंद केलं, ते कळायला मार्ग नव्हता.

फुजैलभाई म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, कोयतीला धार आहे का कोण बघत नाय."

मी फाँट आतच बसवून फाइल पुन्हा केली. या वेळी दुसऱ्या दुकानातल्या संगणकावर उघडून पाहिली.

गणपतीला मुंबईकर येऊन गेले. त्यानंतर आकडा भराभर वाढला. दोनशे, मग तीनशे दहा. त्या काळात पोस्टाने प्रती मागवल्या गेल्या तीन. मेल आला एक, तोही बॅटरी विकणाऱ्या कंपनीचा. मी रोज साडेतीनला कॅफेत जाऊन आकडा वहीत लिहायचे. वाढत होता म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण तीनशे दहा जणांनी आप्पांना घरी नेलं आणि दार लावून घेतलं, असंच ते होतं. कोणी वाचलं का, कुठे थांबलं, काहीही नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या सोनूबाईंनी वाडगाभर अळूची भाजी पाठवली. दोन दिवसांनी आईने तो वाडगा मला परत द्यायला सांगितला. मी घासून तसाच उचलला तशी ती ओरडली.

"रिकामा कुठे नेतेस?"

"मग?"

"बी.एस्सी. झालीस ना तू? एवढं ठाऊक नाय?" तिने डब्यातून मूठभर आमसुलं काढून वाडग्यात टाकली. "भांडं रिकामं जात नाय. काय नसलं तर चिमूटभर साखर घालावी."

"आणि ती विसरली तर?"

"विसरत नाय. भांडं समोर असतं ना, तेच आठवण देतं."

सोनूबाईंच्या दारापर्यंत साठ-सत्तर पावलं आहेत. तेवढ्यात मला माझ्या प्रयोगातली उणीव सापडली. आम्ही पुस्तक दिलं होतं, पण भांडं दिलं नव्हतं. वाचणाऱ्याच्या समोर परत करायचं असं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फाइलच्या शेवटी एक कोरं पान जोडलं. त्यावर वर एवढंच: "हे पुस्तक वानोळा म्हणून दिलं आहे. वाडगा रिकामा पाठवू नका. या रस्त्यावर तुम्ही कुठे चढत होता, ते एका ओळीत कळवा." खाली मेलचा पत्ता आणि घरचा पत्ता. ज्यांनी आधी उतरवून घेतलं होतं त्यांच्यासाठी हेच ऑर्कुटवर टाकलं, आणि झुबेरने पुन्हा एकदा मेल पुढे पाठवला.

पहिला मेल चौथ्या दिवशी आला. बिल्किस नावाच्या बाईंचा, शारजाहून. त्यांनी लिहिलं होतं:

"मी गोळपच्या पुढे ओढ्यावर साकव आहे तिथे चढायचे. काजूचं झाड होतं. सातवी ते दहावी, चार वर्षं. तुमचे वडील घंटी मारून गाडी थांबवायचे, म्हणून माझी शाळा झाली. गोळपला चालत जायला बापाने सोडलं नसतं. पुस्तक दोनदा वाचलं. आमचा साकव त्यात नाही. गाडी तिथे थांबत होती, हे मला स्वप्नात तर दिसलं नाही ना?"

मी प्रत काढून पाहिलं. चौदावा थांबा गोळप. पंधरावा पावसच्या अलीकडचा चढ. मध्ये काही नव्हतं.

मग वाडगे परत येऊ लागले. तीन आठवड्यांत एकूण अडतीस, त्यातली सहा पोस्टकार्डं. एकाने लिहिलं, त्याची आई टोपलीतून तिसऱ्या वळणावर उकडे तांदूळ चढवायची. एकाने फक्त "वडाच्या खाली, पावसाळा सोडून" एवढंच. एका निवृत्त खलाशाने रागावून लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांनी आमची अख्खी वाडी उडवली. आम्ही काय उडत जात होतो शहरात?"

मी चौरसांच्या कागदावर रस्ता काढला आणि प्रत्येक जागेला टिंब दिलं. एकतीस थांबे काळ्या शाईने, नव्या जागा लाल शाईने. अडतीसपैकी एकोणतीस जण लाल टिंबांवर चढणारे निघाले. जागा वेगवेगळ्या मोजल्या तर बावीस. त्या सगळ्या दोन मंजूर थांब्यांच्या मध्ये पडत होत्या. म्हणजे पुस्तकात चूक होती, आणि ती यादृच्छिक नव्हती. आप्पांनी मधल्यांना ओळीने वगळलं होतं. ज्यांना पुस्तकाची सर्वांत जास्त ओढ होती, तेच त्यात नव्हते.

आणि छापील प्रत यातल्या एकानेही मागवली नव्हती. का मागवतील? एकूण खप तोवर नऊ झाला होता. उतरवून घेणारे पाचशे ऐंशी. घरात ४१८ प्रती होत्या आणि दिवाळीला सहा दिवस.

रविवारी सकाळी गंगाराम तराजू घेऊन दारात उभा राहिला. "वैनी, बोलावलात ना?"

आई ओटीवर भाजणीचं धान्य निवडत होती. "बस जरा. पाणी देते," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मुदत संपली, असं ते पाहणं होतं.

मी माझा चौरसांचा कागद घेऊन तिच्यासमोर बसले. पुस्तकं वाचवण्यासाठी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. प्रयोग फसला होता. फक्त एक गोष्ट कळायची राहिली होती, ती मी विचारली.

"आई, गोळपच्या पुढे साकव आहे, तिथे गाडी थांबायची का गो?"

तिचा हात सुपात थांबला. "कोण म्हणालं?"

"शारजाच्या एक बाई. तिथे काजूचं झाड होतं म्हणे."

"काजू नाय," आई लगेच म्हणाली. "बिबा होता. अंगावर उठायचं, म्हणून सावलीला कोण जात नसे. मी उन्हात उभी राहायची."

"तू?"

"मग? शिवणाच्या क्लासला जायची मी रत्नागिरीत. तिथूनच हात दाखवायची." ती पुन्हा निवडू लागली. "पहिल्या दिवशी गाडी पुढे गेली. थोडी गेली आणि थांबली. हे दारात उभे. म्हणाले, 'चढा बाई, पण कोणाला सांगू नका.'"

गंगाराम पाणी पिता पिता हसला. "म्हणजे आप्पांचं लग्न एसटीनेच जुळवलान म्हणा!"

"तू पाणी पी," आई म्हणाली.

"मग आप्पांनी ते लिहिलं का नाही?" मी विचारलं.

"मंजूर नव्हतं ना! आता नुसता हात दाखवला की थांबते गाडी. तेव्हा नसलेल्या जागी थांबवली तर मेमो मिळायचा. दोन मिळाले होते यांना. एक त्या साकवाचा." तिने सूप आपटून कोंडा उडवला. "पुस्तक छापून आलं तेव्हा मी पहिलं तेच पान काढलं. गोळप झालं, पान उलटलं, तर चढ. मी विचारलं. तर म्हणाले, 'अगं मथुरा, यादीत नाही ते कसं लिहू? कोणी तपासलं तर?' आता रिटायर झाल्यावर कोण तपासणार होतं यांना? अठ्ठावीस वर्षं ज्यांना चोरून चढवलं, त्यांना पुस्तकातून उतरवलंन. एकतीस थांबे लिहिले, आणि बायकोच राहिली रस्त्यात उभी."

हे ती रागाने म्हणाली नाही. खूप वेळा मनात म्हणून झालेलं असावं, तसं म्हणाली. मला तेव्हा कळलं, की गेले तीन महिने ती वाळवीबद्दल बोलत नव्हती.

मी तिला अडतीसही पत्रं वाचून दाखवली. मेल मी छापून घेतले होते. गंगाराम पायरीवर बसून ऐकत राहिला. वडाखालच्या माणसाला आई ओळखत होती. तांदूळवालीलाही. रागावलेल्या खलाशाचं पत्र तिने पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाली, "बरोबर बोलतोय मेला."

शेवटी गंगाराम उठला. "वैनी, काय ते ठरवा. मला पुढे नाचणे गावात जायचंय."

आईने त्याला वर्षभराची वर्तमानपत्रं दिली, तेलाचे दोन डबे दिले, एक मोडकी छत्री दिली. त्याने मानेने आतल्या गठ्ठ्यांकडे दाखवलं.

"ती नाय," आई म्हणाली. "ती अजून पुरी झाली नाय."

चार पानांची पुरवणी मी फुजैलभाईंकडे टाइप केली. नाव दिलं 'मधल्या जागा'. बावीस जागा, त्यांची रस्त्यावरची अंतरं आणि कळवणाऱ्याचं नाव. फुजैलभाईंनी ४१८ झेरॉक्स काढल्या, आणि अख्खा दिवस यंत्र गरम झालं म्हणून मला बोल लावले. "हे पण फुकट ठेवायचं ना इंटरनेटवर?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि सगळ्यांना कळवायचं."

"मग छापील कोण घेईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. अमेरिकन माणसाच्या लेखात या प्रकाराबद्दल काही नव्हतं. मेल गेल्यावर रात्रीच्या आत बिल्किसबाईंनी पाच प्रती मागवल्या आणि खलाशाने एक, तीही "वाडी घातलीत तरच" असं बजावून. पण सहा म्हणजे ४१८ नव्हेत.

चिकटवायला आईने मैद्याची खळ शिजवली. मी शेतकी दुकानातून मोरचूद आणलं होतं, सुपारीवर फवारतात ते. गरम पाण्यात विरघळवून खळीत घातलं. खळ फिकट निळी झाली.

"विष ना हे?" आईने विचारलं.

"वाळवीला. आपण हात धुवायचे."

"तुझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला," ती म्हणाली आणि ढवळत राहिली.

आम्ही ओटीवर बसलो. मी प्रत उघडायचे, चौदाव्या आणि पंधराव्या थांब्याच्या मध्ये निळ्या खळीची रेघ ओढायचे, पुरवणी बसवायचे. आई दाबून वर पाटा ठेवायची. अठरा-वीस प्रती झाल्यावर तिने एक हातात घेऊन वाचली. साकवापाशी बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं: 'झाड: काजू (बिल्किस), बिबा (मथुरा).'

"एवढंच?"

"तू अजून काही सांगितलं नाहीस."

तिने पाट्याखालची पानं चाचपली. "लिही. एक घंटी, की गाडी थांबायची. दोन घंट्या, की निघायची. मी चढून बसले, तरी हे दोन घंट्या मारायला उशीर करायचे."

मी पेन काढलं. पुरवणीच्या समासात जागा होती. ४१८ प्रतींत हाताने लिहावं लागणार होतं.

"किती उशीर?" मी विचारलं.

"मोजलाय कोणी?"

मी पहिल्या प्रतीत लिहायला घेतलं. 'उशीर' हा शब्द लिहिताना अक्षर नीट दिसेना, म्हणून मी थांबले, आणि निळे हात डोळ्यांना लावायचे नाहीत एवढं लक्षात ठेवून तशीच बसून राहिले. आईने दुसरी प्रत उघडून माझ्यासमोर ठेवली.